भोंगाबाईचं बटण

बस डेपोत गाड्या पुकारायची नोकरी, म्हणून तिचं नाव भोंगाबाई पडलं. कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण इमारतीत एकदा चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की भोंगाबाई. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. भोंगा निदान कामापुरता वाजतो, असं ती म्हणे. राग होता तो बिनकामाच्या बडबडीचा. नुसता राग नव्हे, शिसारी. अंगावर पाल पडल्यावर माणसाचं जे होतं, ते तिचं वायफळ बोलणं ऐकून व्हायचं.

ही शिसारी नोकरीनंच लावली होती. डेपोच्या कोपऱ्यात काचेची खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर माइक आणि माइकच्या बुडाशी एक काळं बटण. ती कामावर रुजू झाली तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या पुकारणाऱ्या गृहस्थांनी तिला शेजारी बसवून सांगितलं होतं, "आधी मनात बोलायचं, मग बटण दाबायचं. गाडी, फलाट, वेळ. की बटण सोडलं. बटण दाबून विचार करत बसलीस, तर अख्खा डेपो तुझा श्वास ऐकत बसेल." आणखी एक नियम होता. माइक एक आणि तोंड एक. ज्याची पाळी त्यानंच बोलायचं, बाकी कुणी बटणाला हात लावायचा नाही. हरवलेल्या माणसाची, विसरलेल्या पिशवीची सूचना दोनदाच द्यायची, तिसऱ्यांदा नाही.

हे सगळं तिनं इतकं मनावर घेतलं की घरीदारीही ती तसंच बोलू लागली. जेवताना "मीठ कमी" एवढंच. पाहुण्यांना "बसा". एकदा एक स्थळ आलं होतं. मुलगा दिसायला बरा होता, पण त्यानं आपल्या मोटारसायकलचं जे गुऱ्हाळ लावलं, ते काही केल्या संपेना. ही पाणी आणते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. पुढं लग्नाचं राहिलं ते राहिलंच. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. रोज संध्याकाळी घरी मोटारसायकल ऐकण्यापेक्षा हे बरं.

घरात ती आणि बाबा. बाबांनी हयातभर शिंपीकाम केलं. आता डोळे होते, बोटं होती, पण डोक्यातलं एकेक उसवत चाललं होतं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग एके दिवशी समोर वाढायला उभ्या असलेल्या लेकीला त्यांनी "तुम्ही कोण?" असं विचारलं. राहिलं होतं ते इतकंच, की गळ्यात टेप अडकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि समोर येईल त्याच्या बाहीची शिवण चिमटीत धरून ते तपासत.

आणि एक राहिला होता तो लेकीचा आवाज. चेहरा विसरले तरी आवाज विसरले नव्हते. इमारत डेपोच्या मागच्याच गल्लीत होती. भोंगा गॅलरीत स्वच्छ ऐकू यायचा. तिची पाळी सकाळपासून दुपारपर्यंत असे. तोवर बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसून असत आणि कुणी आलंच तर बोट ओठांवर ठेवून सांगत, "श्श. माझी मुलगी बोलतेय." त्यामुळे कामावर जाताना तिला घोर नसे. समोरच्या दारातल्या वहिनी अधूनमधून डोकावून जात. त्यांचं दार उघडं, यांचं दार उघडं, असा शेजारधर्म होता.

आता ग्रुपचं सांगायला हवं.

इमारतीचा एक ग्रुप होता. लिफ्ट बंद, पाणी उशिरा, अशा कामांसाठी काढलेला. पण झालं होतं काय, की तळमजल्यावरच्या पेन्शनर काकांना त्यात उजाडल्या उजाडल्या फुलं टाकायची सवय. दवबिंदूवालं फूल, फुलाखाली सुविचार. मग त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला आणि ते रोज त्या फोडाचा फोटो टाकू लागले. आज लाल आहे, आज पिवळा झालाय, कुणाला औषध माहीत आहे का? आणि लोक खरंच सांगत! एकजण कोमट पाणी सांगे, दुसरा गार. तिसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्याचं आणखी वेगळंच. तो विनोद टाकायचा आणि विनोदाच्या शेपटाला आपला फोन नंबर. माणूस हसून मेला तरी वारसांनी याच्याकडेच यावं अशी सोय.

या उकिरड्यात एकदा खरी सूचना गाडली गेली. टाकी धुतली आहे, औषध टाकलंय, आज पाणी पिऊ नका, असं रखवालदारानं लिहिलं होतं. वर फूल, खाली फोड, मधे हे. कुणी वाचलं नाही. सगळी इमारत पाणी प्यायली आणि सगळी इमारत आळीपाळीनं संडासात बसली. मग मीटिंग झाली. पोट धरून बसलेल्या लोकांनी एकमतानं ठरवलं की ग्रुप भोंगाबाईच्या हाती द्यायचा.

तिनं पहिल्याच दिवशी ग्रुपचं नाव ‘सूचना’ केलं आणि लिहिलं, "लिफ्ट, पाणी, वीज, हरवलं, सापडलं. बाकी काही नाही." आणि झाडू हातात घेतला. फूल आलं की काढ. सुविचार आला की काढ. फोड तर ती डोळे बारीक करून, पडद्याच्या अगदी कडेला बोट लावून काढायची, जणू तो पू आपल्या नखाला लागेल. विमेवाल्याला तिनं दोनदा बाहेर घालवलं, दोनदा माफी मागून तो आत आला. लोक कुरकुरले, मग कंटाळले आणि त्यांनी तिच्यावाचून दुसरा ग्रुप काढला. त्याचं नाव ‘आपली माणसं’. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घाणीला जागा मिळाली, बरं झालं."

तर त्या दिवशी सकाळी डेपोतला भोंगा गप्प होता. उंदरानं वायर कुरतडली होती. तिनं फळ्यावर खडूनं गाड्या लिहिल्या आणि वायरमनची वाट बघत बसली. इकडे घरी बाबा गॅलरीत बसले होते. भोंगा वाजेना. वहिनींनी मागाहून सांगितलं, की ते दोनदा दारापर्यंत येऊन विचारून गेले होते, "मुलगी बोलत का नाहीये?" वहिनी म्हणाल्या, "बोलेल हो, बसा." आणि परत फोनमध्ये डोकं घातलं. ‘आपली माणसं’वर कुणाच्या तरी मांजरानं कपाटावरून उडी मारली होती, ते बघणं चाललं होतं. मांजर उतरून झालं, वहिनींनी मान वर केली, तर बाबांची खुर्ची रिकामी.

वहिनींचा फोन आला तेव्हा तिनं एक शब्दही वाया घालवला नाही. "कधी?" "आत्ताच, म्हणजे मघाशी." "अंगात काय?" "पांढरा शर्ट." "टेप?" "गळ्यात आहे." तिनं फोन ठेवला, फोनमधला बाबांचा फोटो शोधून ‘सूचना’ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: पांढरा शर्ट, गळ्यात टेप, नाव सांगता येत नाही, दिसल्यास ताबडतोब मला फोन करा. नंबर दिला. हरवलं, सापडलं. अगदी विषयाला धरून.

आणि मग लोकांना जे सुटलं ते सुटलं.

आधी जोडलेले हात आले. एकानं टाकले की दुसऱ्याला वाटतं आपण मागे राहिलो, म्हणून सगळ्यांचे हात. मग रडके चेहरे. मग "काळजी घ्या ताई", "देव पाठीशी आहे", "अरेरे". पेन्शनर काकांनी स्मरणशक्तीसाठी कोमट पाणी सुचवलं. पहिल्या मजल्यावरून कुणी विचारलं की रखवालदार काय झोपला होता का? त्यावर दुसऱ्यानं लिहिलं की रखवालदाराला गाड्या धुवायला कोण लावतं ते आधी बघा. झालं. गाड्या कुणाच्या, कुठे लावतात, जागा कुणाची, यावर जुंपली. मधे विमेवाल्यानं ज्येष्ठांसाठी एक योजना टाकली. बाबांचा फोटो वर, आणखी वर, दिसेनासा झाला. तिनं तो पुन्हा टाकला. त्याखाली पुन्हा हात जोडले गेले.

ती डेपोच्या दारात उभी होती. डाव्या हातात फोन, उजव्या हातात खडू तसाच. पोलिसांना फोन करायचा होता, इस्पितळात करायचा होता आणि फोन सारखा हातात थरथरत होता. दर थरथरीला काळजात धस्स व्हायचं, बाबा सापडले असं वाटायचं आणि उघडून बघावं तर कुणाची तरी मोटार. ही माणसं आहेत का गटारं? एक म्हातारा रस्त्यावर फिरतोय, आणि यांना आपापल्या मोटारी सुचतायत! तिच्या डोक्यात तिडीक गेली. डेपोत असं झालं असतं तर तिनं काय केलं असतं? सगळ्यांना माइकपासून हाकललं असतं. तिनं ग्रुपची सेटिंग उघडली आणि एकच बटण दाबलं. आता ग्रुपवर फक्त ॲडमिन, म्हणजे ती, लिहू शकणार होती. फोन शांत झाला. त्या शांततेनं तिला इतकं बरं वाटलं, की क्षणभर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मग तिनं फोन लावायला घेतले. पोलिसांनी थांबायला सांगितलं, इस्पितळानं तीन ठिकाणी फिरवलं. दूर राहणाऱ्या धाकट्या भावाला कळवलं, तर तो "तू लक्ष ठेवायला हवं होतंस" यावर बराच वेळ बोलला आणि ती ऐकत राहिली, कारण सख्खा भाऊ ग्रुपमधून काढता येत नाही. तोवर वायर जोडून झाली. काचेच्या खोलीत जाऊन तिनं माइक पुढे ओढला, मनात वाक्य बांधलं आणि बटण दाबलं.

"सूचना. एक वृद्ध गृहस्थ हरवले आहेत. पांढरा शर्ट, गळ्यात टेप. दिसल्यास चौकशी खिडकीशी आणावे."

आवाज कापला नाही. काचेतून तिला दिसलं, की बाकांवरच्या लोकांनी माना वर केल्या, भोंग्याकडे पाहिलं आणि माना परत आपापल्या फोनमध्ये घातल्या. तिनं दुसऱ्यांदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा बोट बटणावर गेलं. बाबा, कुठे आहात, असं काहीतरी ओठांवर आलंही होतं. पण ते सूचनेत बसत नव्हतं. तिनं बोट काढून घेतलं, पाळी दुपारी येणाऱ्या दुसऱ्या पुकारणारीच्या हवाली केली आणि शोधायला बाहेर पडली.

बाजार झाला, बाग झाली, बाबांचं जुनं दुकान जिथे होतं ती गल्ली झाली. तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं. लोक फोटो बघून मान हलवत आणि मग विचारत, "कसे काय हरवले?" ते ऐकायला ती थांबत नसे. पाय भरून आले तेव्हा उन्हं कलली होती. टॉर्च आणि बाबांचा स्वेटर घेऊन पुन्हा निघावं म्हणून ती घराकडे वळली.

लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर हसू.

"बरं झालं बाई सापडले ते! माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता. आता कसे आहेत?"

"कोण सापडले?"

"कोण काय ताई? बाबा!" वहिनींचं हसू अर्धं राहिलं. "तुम्हाला… सांगितलं नाही कुणी?"

वहिनींनी फोन पुढे केला. ‘आपली माणसं’. फोटोत विमेवाला दात काढून हसत होता आणि त्याचा हात बाबांच्या खांद्यावर होता. पाठीमागे टायरांची चळत दिसत होती. बाबांनी त्याच्या बाहीची शिवण चिमटीत धरली होती. खाली त्यानं लिहिलं होतं, "डेपोजवळच्या पंक्चरच्या दुकानात आहेत. तिकडच्या ग्रुपवर टाकता येत नाहीये, ताईंनी बंद केलाय. फोनही लागत नाही. कुणीतरी कळवा त्यांना. मला क्लायंट आहे, निघतो."

पुढचं ती उभ्या उभ्या वाचत गेली. "वा! खरे हिरो." टाळ्या. "माणुसकी जिवंत आहे." आणखी टाळ्या. "कुणी सांगितलं का भोंगाबाईला?" "सांगितलं असेल." "मी नाही बाई सांगत, खेकसते ती." मग कुणी म्हणालं की त्यांना आधी मीच पाहिलं होतं, पण वाटलं फिरायला निघालेत. त्यावर वाद. मग पेन्शनर काकांचा फोड. फोड आज बसत आलाय. त्याबद्दल काकांचं अभिनंदन. फोटो दुपारचा होता.

लिफ्ट वर जाऊन उघडली, मिटली. वहिनी काहीतरी बोलत होत्या, कपाटावरचं मांजर बघता बघता डोळा चुकला, मला वाटलं तुम्हाला, आम्हाला वाटलं त्यांनी. शब्द कानात शिरत होते आणि तिला ते धुऊन काढावेसे वाटत होते. या सगळ्यांची तिला किळस आली. विमेवाल्याच्या दातांची आली, त्या टाळ्यांची आली. आणि ‘ताईंनी बंद केलाय’ या शब्दांपाशी नजर परत परत येत राहिली, तेव्हा तिला स्वतःचीही आली. बटण तिनंच दाबलं होतं. बोलणाऱ्यानं तिच्याच दारात येऊन कडी वाजवली होती आणि दार तिनं आतून लावून घेतलं होतं, शांतता हवी म्हणून.

तिनं वहिनींच्या हातात फोन परत दिला, लिफ्टचं दार उघडलं आणि जिन्यानं धावत सुटली.

पंक्चरवाला दुकान आवरत होता. "ते आजोबा? बसले होते की इथे. त्या साहेबांनी सांगितलं मुलगी न्यायला येतेय, म्हणून मी स्टूल दिलं, चहा पाजला. माझा शर्ट उसवलाय म्हणाले. आणि मग तो डेपोचा भोंगा वाजला ना, तशी ताडकन उठले. माझी मुलगी बोलतेय म्हणाले आणि चालू लागले. मला वाटलं, तुम्हीच बोलावलंत."

तिनंच बोलावलं होतं. दोनदा. आणि ते निघाले तेव्हा ती गप्प झाली होती.

डेपोत दिवे लागले होते. गर्दी होती. मधल्या खांबावर भोंगा होता आणि त्या खांबाखाली बाबा उभे होते, मान वर करून. एका पायात चप्पल नव्हती. पँट ओली झाली होती. आजूबाजूचे लोक नाक मुरडून हातभर लांब उभे होते. वरून दुसऱ्या पुकारणारीचा आवाज येत होता आणि बाबा ओठांवर बोट ठेवून गर्दीला दटावत होते.

"श्श. जरा गप्प बसा हो. ती बोलेल आता."

तिनं त्यांचा दंड धरला. त्यांनी हिसडा देऊन सोडवला आणि अनोळखी नजरेनं तिच्याकडे पाहिलं. "थांबा बाई. माझी मुलगी बोलायची आहे."

"बाबा," ती म्हणाली. "घरी चला."

ते वळले. भोंग्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून भोंग्याकडे पाहिलं. मग चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "मग गप्प का झालीस? केव्हापासून शोधतोय मी. सकाळी गप्प, आता गप्प. असं कुणी मधेच गप्प बसतं?"

ती चालू लागली. पण ते जागचे हलले नाहीत. पुन्हा मान वर करून भोंग्याकडे बघू लागले. मग तिला कळलं. ती बोलली तरच ते येणार होते.

म्हणून तिनं गाड्या पुकारायला सुरुवात केली. गाडी, फलाट, वेळ. बाबा मागून चालू लागले. डेपोच्या फाटकाबाहेर आली तोवर तिच्या तोंडातल्या सगळ्या गाड्या सुटून गेल्या. ती श्वास घ्यायला थांबली, तेही थांबले. मग काय बोलायचं? आयुष्यभर जे पोटातल्या पोटात गिळलं, त्यात बोलण्यासारखं काही सापडेना. सापडला तो फक्त तो उकिरडा, तिनं रोज झाडून टाकलेला. तिनं तोच उपसायला घेतला. दवबिंदूवाल्या फुलाचं सांगितलं. फुलाखालचा सुविचार शब्द न् शब्द पाठ होता, तो म्हटला. विमेवाल्याचे विनोद सांगितले, एकही हसू न येता. कपाटावरचं मांजर उडी मारून खाली आलं. मोटारी कुणाच्या आणि कुठे लावतात ते सांगितलं. कोमट पाण्याचे फायदे सांगितले, मग गार पाण्याचे. प्रत्येक शब्दाची तिला मळमळ होत होती आणि प्रत्येक शब्दामागे बाबांची एक चप्पल आणि एक अनवाणी पाऊल वाजत होतं. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. ही बाई एकटीच काय बडबडत चाललीय, असं त्यांना वाटलं असेल.

गल्लीच्या तोंडाशी सगळं संपलं. आवाज बसला होता. इमारत दिसत होती, पण अजून अंतर होतं आणि मागची पावलं मंदावली होती.

"आपल्या तळमजल्यावरचे काका आहेत ना, बाबा," ती म्हणाली, "त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आलाय. आधी लाल होता. मग पिवळा झाला. मग त्यात पाणी भरलं."

"अरेरे," बाबा म्हणाले. त्यांनी जवळ येऊन तिच्या बाहीची शिवण चिमटीत धरली. "मग काय झालं फोडाचं?"

"फुटला," ती म्हणाली आणि पुढचं सांगू लागली.